हाताने फिरवायचा भोंगा : तापीकाठच्या गावातले तीन पावसाळे

आमच्या गावाने २०२३ च्या मे महिन्यात वर्गणी काढून हाताने फिरवायचा एक भोंगा विकत घेतला. दुकानदार त्याला हँड सायरन म्हणतात, पण गावात पहिल्या दिवसापासून त्याचे नाव भोंगा असेच पडले आहे. आता त्याचे तीन पावसाळे झाले. या काळात तो चार वेळा खऱ्या प्रसंगी वाजला, एकदा चुकून वाजला आणि एकदा वाजायला हवा होता तेव्हा वाजला नाही. आजूबाजूच्या अनेक गावांतील मंडळी तो पाहून गेली. कितीला पडला, खरोखर ऐकू जातो का आणि घेतल्याचा उपयोग होतो का, हे तीन प्रश्न प्रत्येकाने विचारले. गावाच्या आपत्ती व्यवस्थापन समितीत भोंग्याची देखभाल माझ्याकडे आहे, त्यामुळे त्याचे गुण आणि दोष दोन्ही मी जवळून पाहिले आहेत. ते सविस्तर लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे घेणाऱ्या गावाला आमच्या चुका पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

आधी आमची गरज काय होती ते सांगणे आवश्यक आहे. गाव जळगाव जिल्ह्यात, तापीच्या डाव्या काठावर, हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूरवरून खानदेशात येते आणि चांगदेवजवळ तिला विदर्भातून आलेली पूर्णा मिळते. म्हणजे मेळघाटात, अकोला-बुलढाण्याकडे किंवा बैतूलच्या डोंगरात पडलेला पाऊस एक-दोन दिवसांनी आमच्या घाटावर येऊन उभा राहतो. आमच्या अंगणात स्वच्छ ऊन पडलेले असते, कापसाची निंदणी चालू असते आणि त्याच वेळी नदी चढत असते. तापी-पूर्णेच्या पुराच्या मानाने हतनूरचा साठा लहान असल्यामुळे त्याचे ४१ दरवाजे पावसाळ्यात वारंवार उघडावे लागतात. आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधण्याची सवय असलेल्या माणसाला या नदीने नेहमीच गाफील गाठले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहर पाण्याखाली गेले, ते गुजरातमधल्या उकाई धरणातून सुटलेले पाणी आपल्याच तापीचे होते, ही गोष्ट आमच्याकडची वयस्क मंडळी आजही सांगतात. डोंगराच्या पायथ्याच्या गावांची गत याहून वेगळी नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावला तितूर आणि डोंगरी या नद्यांना रात्रीतून आलेल्या पुराने बाजारपेठेत पाणी घातले आणि गोठ्यांत बांधलेली असंख्य जनावरे दावणीलाच गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूरला रंगावली नदीने तसेच केले. या सगळ्या प्रसंगांत पाणी आले तेव्हा माणसे झोपेत होती किंवा बेसावध होती. आम्हाला झोपेतून उठवणारे साधन हवे होते.

ग्रामसभेत पहिल्यांदा विजेवर चालणाऱ्या मोठ्या भोंग्याची मागणी पुढे आली. त्याचा आवाज निःसंशय मोठा असतो, परंतु वादळी पावसात आमच्याकडे पहिल्यांदा वीज जाते आणि खांब आडवे झाले तर ती दोन-दोन दिवस येत नाही. ज्या घटकेला भोंगा लागतो नेमकी तीच घटका विजेविना जाणार असेल, तर त्या यंत्रावर विसंबणे योग्य नाही, असे मत पडले. मंदिराचा ध्वनिक्षेपक गावात होताच. त्याचा मोठा गुण असा की त्यातून बोलता येते, म्हणजे नेमके काय करायचे ते सांगता येते. पण तो ॲम्प्लिफायर बॅटरीवर किती वेळ चालेल याची खात्री नव्हती, आणि रोजच्या भजनामुळे, हरवलेल्या जनावराच्या व पाणीपट्टीच्या सूचनांमुळे कानांना त्याची इतकी सवय झाली आहे की त्यावरचा आवाज ऐकून झोपलेला माणूस कूस बदलतो, उठत नाही. व्हॉट्सॲपच्या गटाविषयी तरुणांचा फार आग्रह होता. तो गट आम्ही केला आहे आणि दिवसा तो चांगला चालतो. मात्र रात्री फोन मुका केलेला असतो, मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी संपली की रेंज जाते, आणि पुराच्या दिवसांत दुसऱ्याच जिल्ह्यातल्या जुन्या चित्रफितींनी खरी सूचना खाली ढकलली जाते. भोंगा घेतल्यानंतर, २०२३ मध्येच, सरकारने सेल ब्रॉडकास्टची, म्हणजे मनोऱ्यावरून सगळ्या फोनांवर एकदम जाणाऱ्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते. ती सोय निश्चित उपयोगाची आहे, पण ती मनोऱ्यावर अवलंबून आहे, आणि नदीकाठच्या ज्या वस्तीला सर्वांत आधी हलायचे असते तिथे अनेक घरांत एकच फोन असतो व तो कामाला गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. ग्रामसभेत शेवटी हाताने फिरवायच्या भोंग्यावर एकमत झाले. बाकीची साधने त्याच्या जोडीला ठेवली, काढून टाकली नाहीत.

भोंगा आम्हाला साडेआठ हजार रुपयांना पडला. त्याचे ढोलासारखे अंग ओतीव ॲल्युमिनियमचे आहे, खाली लोखंडी तिवई आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा आहे. मूठ फिरवली की आतील दात्यांची चाके वेग कित्येक पटींनी वाढवतात, आतले पंख्यासारखे चाक बाजूने हवा ओढून घेते आणि बाहेरच्या खाचांतून ती तुटक तुटक ढकलते. आवाज निर्माण होतो तो या तुटकपणातून, त्यामुळे मूठ जितकी जोरात फिरेल तितका स्वर चढतो आणि हात सैल सोडला की उतरतो. सुरुवातीचे आठ-दहा सेकंद नुसती घरघर ऐकू येते. नवखा माणूस तिथेच थांबतो, त्याला वाटते यंत्र बिघडले. वजन हाताला लागते, आणि दीड मिनिटानंतर खांदा भरून येतो, म्हणून आम्ही नेहमी दोघांना उभे करतो. जवळ उभ्या असलेल्याच्या कानाला तो आवाज असह्य होतो. फिरवणाऱ्याने कानांत कापूस घालून वर उपरणे बांधलेच पाहिजे, ही गोष्ट खोक्यातील माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नव्हती.

दुकानदाराने तीन किलोमीटरपर्यंत ऐकू जाईल असे सांगितले होते. हा दावा आम्ही तपासून पाहिला आणि तो आमच्या गावात खरा ठरला नाही. जून महिन्यातल्या एका रविवारी आधी दवंडी देऊन आम्ही सहा ठिकाणी माणसे उभी केली : मारुतीचा पार, खालची गल्ली, जिल्हा परिषदेची शाळा, नदीकाठची भिल्ल वस्ती, स्मशानभूमीकडचा रस्ता आणि दीड किलोमीटरवरचा केळीचा मळा. प्रत्येकाने ऐकू आला की नाही, घराच्या आत ऐकू आला की नाही आणि किती वेळाने ऐकू आला, हे कागदावर लिहायचे होते. पार, गल्ली आणि शाळा इथे तो घराची दारे बंद असतानाही स्पष्ट ऐकू आला. मळ्यात मोकळ्यावर पुसट आला, पण मोटार चालू असताना मुळीच आला नाही. आम्हाला खरी काळजी वाटली ती भिल्ल वस्तीच्या नोंदीची. ती वस्ती अंतराने दूर नाही, पण दरडीच्या खाली, सखल जागेत आहे आणि वारा तिकडून गावाकडे वाहत होता. तिथल्या आईबहिणींनी सांगितले की घराबाहेर असताना ऐकू आला, चुलीजवळ बसले असताना आला नाही. गावातील सर्वांत सखल जागा त्यांची, पाणी पहिल्यांदा शिरणार त्यांच्या घरात, आणि भोंगा मात्र ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, म्हणजे ज्यांना सर्वांत उशिरा धोका आहे त्यांच्या डोक्यावर ठेवलेला. ही चूक यंत्राची नव्हती, आमच्या विचाराची होती. आठवडाभरातच आम्ही भोंगा दरडीच्या कडेला असलेल्या महादेवाच्या मंदिराच्या ओट्यावर हलवला आणि पुन्हा चाचणी घेतली. त्या वेळी वस्तीत बंद दारातूनही तो ऐकू आला. कोणत्याही गावाने भोंगा घेतला तर बसवण्यापूर्वी ही चाचणी करावी, आणि ती चाचणी गावाच्या मध्यावरून न करता गावाच्या सर्वांत खालच्या टोकावरून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यंत्राच्या दोषांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. चौथ्या महिन्यात मुठीला दांड्याशी जखडणारी पिन तुटली. विक्रेत्याला फोन केला, छायाचित्र पाठवले, त्याने ‘लवकर पाठवतो’ असे प्रत्येक वेळी गोड शब्दांत सांगितले, आणि बोटभर लांबीची ती पिन ऐन भाद्रपदात बावीस दिवस आली नाही. शेवटी तालुक्याच्या गावच्या एका लेथ कारागिराने जुन्या पिनेचे तुकडे पाहून तशाच तीन नव्या काढून दिल्या. मजुरी दीडशे रुपये झाली आणि त्यांतली पहिलीच पिन आजतागायत टिकली आहे. दुसरा दोष तिवईचा. तिला लावलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात फुगला आणि सांध्यांत गंज धरला. आम्ही ती घासून लाल ऑक्साईडचे दोन हात दिले. तिसरा दोष असा की हवा ओढणाऱ्या बाजूला जाळी नाही, त्यामुळे पाऊस आत जातो आणि चिमण्या काड्या आणून टाकतात. त्यावर आम्ही बारीक जाळी व वरून पत्र्याची टोपी बसवली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चाकांना ग्रीस, मुठीला दोन थेंब तेल आणि पाच सेकंदांची घरघर, एवढी निगा घेतली तर यंत्र तक्रार करत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता ज्या रात्री तो वाजला नाही त्या रात्रीविषयी. पहिल्याच वर्षीच्या पावसाळ्यात, मुले सारखी मूठ फिरवतात म्हणून आम्ही भोंगा लोखंडी पिंजऱ्यात घालून कुलूप लावले आणि किल्ली एका जबाबदार सदस्याकडे दिली. त्या रात्री धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप तहसीलमधून आला, पोलीस पाटलांनी ओट्याकडे धाव घेतली, आणि किल्ली असलेला सदस्य लग्नकार्यासाठी नंदुरबारला गेलेला होता. त्याच्या घरी किल्ली सापडेना. कुलूप तोडायला लोखंडी पहार आणेपर्यंत तरुणांनी दारोदार फिरून खालची गल्ली आणि वस्ती उठवली, म्हणून जीवितहानी झाली नाही. परंतु काठावरच्या सात मोटारी आणि त्यांचे पाइप वाहून गेले, आणि एका घरातील दोन शेळ्या दोरीसकट गेल्या. ज्या बाईच्या त्या शेळ्या होत्या तिने समितीला एक शब्दही दोष दिला नाही, तरी पुढे कित्येक दिवस मला तिच्या दारावरून जाताना खाली पाहावे लागले. दोष यंत्राचा नव्हता, त्या सदस्याचाही एकट्याचा नव्हता. एका माणसाच्या हाती संपूर्ण गावाची किल्ली देणे हेच चुकीचे होते. आता तीन किल्ल्या आहेत. एक ओट्याशेजारच्या घरात, दुसरी पोलीस पाटलांकडे आणि तिसरी भिल्ल वस्तीत. तिन्ही घरांची खूण मंदिराच्या भिंतीवर रंगाने लिहिलेली आहे. गावाबाहेर जाणाऱ्याने किल्ली शेजारच्या घरी देऊन जायचे असा नियम आहे आणि तो आजवर मोडलेला नाही.

भोंगा कोणी वाजवायचा यापेक्षा केव्हा वाजवायचा, हा प्रश्न अधिक अवघड निघाला. वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी, म्हणजे एक लाख क्युसेक म्हटले की सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. हा हिशेब शाळेतल्या मुलांनाही करता येतो, पण एवढे पाणी आल्यावर ते आमच्या घाटाच्या कितव्या पायरीला लागेल, हे कोणत्याही बातमीत नसते. ते गावालाच शोधून काढावे लागते. आमच्या भोई समाजातील मासेमारी करणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले. धरणातून किती पाणी सुटले याचा निरोप केव्हा आला आणि पाणी कितव्या पायरीला केव्हा लागले, याची नोंद बारावीतला एक मुलगा वहीत करतो. तीन पावसाळ्यांत ती वही जवळजवळ भरत आली आहे. तिच्यावरून घाटाच्या दोन पायऱ्यांना रंग दिला आहे. पिवळ्या पायरीला पाणी लागले की मोटारी काढायच्या, जनावरे वर न्यायची आणि रात्रीचा पहारा सुरू करायचा. लाल पायरीला लागले की भोंगा. तहसीलमधून निरोप येवो अथवा न येवो, लाल पायरी भिजली की जो पहाऱ्यावर आहे त्याने कोणालाही न विचारता मूठ फिरवायची. हा अधिकार ग्रामसभेने ठराव करून दिला आहे, कारण परवानगी मागण्यात गेलेली वीस मिनिटे नदी परत देत नाही. त्या वहीसारखी मौल्यवान वस्तू आमच्या समितीकडे दुसरी नाही. भोंग्यापेक्षाही मी तिला जपतो.

सुरुवातीला आम्ही फार हौसेने निरनिराळे इशारे ठरवले होते. पुराला एक प्रकार, आगीला दुसरा, चोर आल्यास तिसरा, बिबट्या दिसल्यास चौथा. महिन्याने वस्तीत जाऊन विचारले तेव्हा एकालाही ते धड सांगता आले नाहीत, आणि खरे सांगायचे तर समितीतल्या निम्म्या लोकांनाही आठवत नव्हते. म्हणून ते सगळे रद्द केले. आता दोनच आवाज आहेत. चढउतार करणारा आवाज दोन मिनिटे आला म्हणजे पाणी येत आहे, खालच्या घरांनी शाळेकडे निघायचे आणि वरच्यांनी ध्वनिक्षेपकाकडे कान द्यायचे. एकसारखा सरळ आवाज दोन मिनिटे आला म्हणजे धोका टळला. नागरी संरक्षण दलाच्या संकेतांतही चढउतार म्हणजे इशारा आणि सरळ स्वर म्हणजे धोका टळला असेच आहे, त्यामुळे बाहेरगावच्या माणसालाही गोंधळ होत नाही. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावाच्या यादीत आपल्या भुसावळचे नाव होते. तेव्हा दोन्ही आवाजांचा अर्थ दूरचित्रवाणीवर वारंवार सांगितला गेला. त्यानंतर आमच्या गावातील म्हाताऱ्या माणसांनाही ही गोष्ट नव्याने समजावून सांगावी लागली नाही.

चुकून वाजला तो प्रसंग दुसऱ्या वर्षीच्या गणपतीतला. पिंजरा वंगणासाठी उघडा राहिला होता आणि दोन मुलांनी रात्री नऊ वाजता तो जोरात फिरवला. खालची गल्ली पंधरा मिनिटांत शाळेच्या पटांगणात जमली. काही जण म्हणाले, बरे झाले, सराव झाला. मला ते तेवढेसे पटले नाही, कारण विनाकारण उठवलेल्या माणसाच्या मनात पुढच्या वेळी शंका येते आणि ती शंकाच जीव घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी समितीने घरोघर जाऊन चूक कबूल केली, काय झाले ते सांगितले, आणि तेव्हापासून पिंजरा उघडताना दोन माणसे हजर असल्याशिवाय कुलूप काढायचे नाही असे ठरले. घरोघर जाण्याचा हा खटाटोप अनावश्यक आहे असे ज्यांना वाटले होते, त्यांनीच पुढच्या पुराच्या रात्री त्याचा परिणाम पाहिला.

ती रात्र गेल्या पावसाळ्यातली. पाऊस नव्हता, चांदणे होते. पहाऱ्यावरच्या दोघांनी पावणेतीनला बॅटरीच्या उजेडात लाल पायरी भिजलेली पाहिली आणि भोंगा सुरू केला. मी घरून ओट्यापर्यंत पोहोचलो तेव्हा समोरच्या घरातल्या आजी कंदील घेऊन दारात उभ्या होत्या आणि आत नातवंडांना हाका मारत होत्या, ‘भोंगा वाजना रे, उठा!’ गल्लीत कोणी धावत नव्हते. ज्याच्या त्याच्या हातात ठरलेली वस्तू होती. कोणाकडे कागदपत्रांची पिशवी, कोणाकडे औषधांचा डबा, कोणाच्या कडेवर मूल. गोठ्यांत विळ्यांचा आवाज येत होता. जनावरांची दावी सोडत बसायचे नाही, कापायची, हे आम्ही चाळीसगावच्या अनुभवावरून शिकलो आहोत आणि त्यासाठी प्रत्येक गोठ्याच्या खुंटीला एक विळा टांगलेला असतो. अंथरुणाला खिळलेल्या तीन व्यक्ती आणि एक बाळंतीण यांना कोणी, कोणत्या ट्रॅक्टरने न्यायचे, हे आधीपासून कागदावर होते. ज्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली सुटी होती त्याने आपल्या शेजाऱ्याची जोडली. निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद, विजेचा मेन स्विच बंद, एवढे दोन शब्द ध्वनिक्षेपकावरून सारखे सांगितले जात होते. पहाटे चारच्या सुमारास पाणी खालच्या गल्लीत शिरले, तेव्हा तिथे एकही माणूस नव्हता. शाळेत बचत गटाच्या महिलांनी चहा ठेवला होता आणि उजाडल्यावर खिचडीचे पातेले चढले. दुपारी पाणी ओसरले, घाटावरून खात्री केली, आणि सरळ स्वरात भोंगा वाजला.

यावरून हे साधन सर्व संकटांवर चालते असा समज होऊ नये. विजेच्या कडकडाटात माणसांना घराबाहेर बोलावणे घातक आहे. त्यासाठी वीज पडण्याचा आगाऊ इशारा देणारे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप अधिक उपयोगी आहे आणि आमच्या गावातील शेतकऱ्यांनी ते फोनमध्ये घेतले आहे. वैशाखातल्या उष्णतेच्या लाटेला भोंगा काय करणार? तिथे दुपारी मजुरी थांबवण्याचे ठरवणे आणि पाण्याचे माठ भरून ठेवणे हेच काम. औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांनी तर फारच काळजी घ्यावी. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. वायुगळती झाली असेल तर काही वेळा घरात दारे-खिडक्या लावून बसणे योग्य, काही वेळा वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जाणे योग्य. तिथे ‘भोंगा वाजला, बाहेर या’ हा आमचा नियम उलटा ठरेल. अशा गावांनी कारखान्याच्या व्यवस्थापनाशी आणि जिल्हा प्रशासनाशी बसून आपला स्वतंत्र नियम करावा.

बाहेरची मदत येतेच, पण ती येईपर्यंतचा वेळ गावाचा असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्याला आहे ही खानदेशाची मोठीच सोय आहे, तरी धुळ्याहून निघालेली बोट रस्त्याने यायची आणि पुरात रस्तेच बंद असतात. म्हणून भोंग्याच्या पिंजऱ्यावर आम्ही जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवले आहेत, आणि भोंगा फिरवणाऱ्या दोघांपैकी एकाचा हात मोकळा झाला की त्याने पहिला फोन १०७७ ला करायचा असतो. सोबत घेतलेल्या सहा लाइफ जॅकेटांविषयी आणि दोरखंडाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. जॅकेटे चांगली आहेत. दोरखंड मात्र स्वस्तातला घेतला तो पाण्यात निसरडा होतो, तो बदलायचा आहे.

घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी दुकानातच पाहण्यासारख्या काही गोष्टी. पैसे देण्यापूर्वी मूठ पूर्ण दोन मिनिटे फिरवून पाहा. चाके अडखळत असतील तर ती पुढेही अडखळणारच. आतील चाक प्लास्टिकचे नसून धातूचे आहे याची खात्री करा, तिवईला ओट्यात पुरता येतील अशी छिद्रे आहेत का ते पाहा, आणि मुठीच्या दोन जादा पिना खोक्यात टाकून घेतल्याशिवाय पावती घेऊ नका. किती किलोमीटर ऐकू जातो या आकड्याला महत्त्व देऊ नका, तो तुमच्या गावात वेगळाच निघेल. वर्गणी काढताना नदीकाठच्या घरांकडूनही थोडी का होईना घ्या. आमच्या वस्तीतील प्रत्येक घराने वीस रुपये दिले आणि तेव्हापासून तो भोंगा त्यांचाही आहे. पिंजऱ्याभोवतीची जागा तेच झाडतात.

केळीच्या मळ्यापर्यंत आवाज जात नाही ही उणीव तीन वर्षे राहिली होती. या वर्षी अक्षय्य तृतीयेला तिथल्या सालदार कुटुंबांसाठी आम्ही लहान आकाराचा दुसरा भोंगा घेतला, या वेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून. दुकानाच्या मागच्या अंगणात तो फिरवून पाहिला तेव्हा शेजारच्या दुकानांतली माणसे बाहेर आली. त्यांना काय चालले आहे ते समजावून सांगितले, पिना मोजून घेतल्या, आणि संध्याकाळी तो मळ्यातल्या विहिरीच्या थारोळ्यावर बसवला. गावच्या भोंग्याचे काही ऐकू आले नाही तरी पिवळ्या पायरीचा निरोप फोनवर मिळताच तो वाजवण्याची जबाबदारी तिथल्या एका तरुणीने घेतली आहे, आणि चाचणीच्या दिवशी तिने तो पूर्ण दोन मिनिटे, हात न थांबवता फिरवला.